विद्रावकाची टाकी : बंद निष्कर्षण-यंत्रणेसाठी दाबपात्र कसे निवडावे

१. पेंडीत राहिलेले तेल

तेलबियांतून तेल काढण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत दाबण्याची. घाण्यात किंवा यंत्रात बी चिरडले की तेल बाहेर येते व पेंड उरते. तथापि यंत्र कितीही चांगले असले तरी पेंडीत सहा-आठ टक्के तेल मागे राहतेच. दुसरी रीत विरघळविण्याची. तेल ज्यात सहज विरघळते असा पातळ द्रव पेंडीवर किंवा कुटलेल्या बियांवर सोडला, तर तो तेलाला आपल्यात ओढून घेतो. अशा द्रवास विद्रावक म्हणतात व या क्रियेस निष्कर्षण. या रीतीने पेंडीतील तेल सुमारे एक टक्क्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली आणता येते. सोयाबीन व भाताचा कोंडा यांतील तेल प्रायः असेच काढतात. मसाल्यांचे अर्क व फुलांची सुगंधी द्रव्येही याच तत्त्वाने मिळवितात.

तेल विरघळविल्यावर विद्रावक त्यापासून वेगळा करावा लागतो. त्यासाठी मिश्रण तापवून विद्रावकाची वाफ करतात, ती वाफ थंड करून पुन्हा द्रव बनवितात आणि तो द्रव नव्या मालावर सोडतात. टाकी, निष्कर्षण-पात्र, बाष्पन-पात्र, शीतक आणि पुन्हा टाकी असा हा फेरा अखंड चालतो. विद्रावक कोठेही उघड्या हवेत येत नाही, म्हणून या रचनेस बंद यंत्रणा म्हणतात. तिच्यामुळे विद्रावकाची नासाडी टळते, तसेच ज्वालाग्राही वाफ माणसांपासून दूर राहते.

या फेऱ्यातील टाकी वरवर पाहता सर्वांत साधा भाग वाटतो. तिच्यात काही फिरत नाही, काही तापत नाही. परंतु यंत्रणेतील बहुतेक सारा विद्रावक काम थांबल्यावर टाकीतच साठतो. टाकी फुटली तर उरलेल्या यंत्रणेचा चांगुलपणा कामास येत नाही. यास्तव टाकीची निवड कोणत्या प्रश्नांवरून करावी, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

२. अंमळनेर आणि सर्जापूर रोड

बंगळूरच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड आज संगणक-उद्योगाच्या कचेऱ्या, उंच निवासी इमारती व शाळा यांनी गजबजला आहे. या रस्त्यावरील दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो या कंपनीचे मुख्यालय आहे. तिचे मूळ मात्र खानदेशात आहे. जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर येथे २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप व धुण्याचा साबण ही तिची आरंभीची उत्पादने होत. वनस्पती तूप करताना द्रव तेलात दाबाखाली हायड्रोजन मिसळावा लागतो. म्हणजे ज्या व्यवसायातून ही कंपनी उभी राहिली, त्या व्यवसायात दाबपात्र हे रोजचे उपकरण असते.

ही दोन स्थळे आपल्या विषयाच्या दृष्टीनेही उपयोगी आहेत. अंमळनेरच्या परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास चढतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तेथील हवा सौम्य. तरीही एप्रिल २०१६ मध्ये तेथे ३९.२ अंशांची नोंद झाली. अंमळनेरला भोवती मोकळी जमीन सापडेल, सर्जापूर रोडवर भिंतीला भिंत लागून लोक राहतात. समजा, दोन्ही ठिकाणी वनस्पतींच्या अर्काची एकेक लहान प्रयोगशाळा काढावयाची आहे. दोघींनी एकच टाकी घ्यावी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना टाकीच्या निवडीची सारी तत्त्वे आपल्या हाती येतील.

३. विद्रावक आधी, टाकी नंतर

कोणताही द्रव बंद भांड्यात ठेवला की त्याची काही वाफ होते आणि ती वाफ भांड्याच्या भिंतींवर दाब देते. यास बाष्पदाब म्हणतात. तो दोनच गोष्टींवर अवलंबून असतो : द्रव कोणता आणि तापमान किती. टाकीत द्रव थोडा आहे की पुष्कळ, याने बाष्पदाबात फरक पडत नाही. ही गोष्ट नवख्या माणसास पटत नाही, परंतु ती पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. अर्धी रिकामी टाकी अर्ध्या दाबाची नसते.

दाब मोजण्यास आपण बार हे एकक घेऊ. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भार, म्हणजेच जवळजवळ समुद्रकाठच्या हवेचा दाब.

तेलगिरण्यांत मुख्यतः हेक्झेन वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ६९ अंश असल्याने साध्या तापमानास त्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाहून कमीच असतो. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या जरासे खालीच उकळते. २० अंशांस त्याचा दाब सुमारे २.१ बार, तर ५० अंशांस सुमारे ५ बार असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांस उकळते. त्याचा दाब २० अंशांस सुमारे ८.४ बार व ५० अंशांस सुमारे १७ बार होतो. कार्बन डाय-ऑक्साइडची जात आणखी निराळी. ३१ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि त्या सीमेवरच त्याचा दाब सुमारे ७४ बार असतो. त्याच्या निष्कर्षणासाठी याहूनही पुष्कळ अधिक दाब सोसणारी जाड भिंतीची पात्रे लागतात.

यावरून पहिला नियम निघतो. ‘विद्रावकाची टाकी’ अशी सर्वसाधारण वस्तू नसते; हेक्झेनची टाकी, ब्युटेनची टाकी, प्रोपेनची टाकी अशा निरनिराळ्या वस्तू असतात. ब्युटेनसाठी घेतलेल्या टाकीत पुढे कधी प्रोपेन भरले, तर टाकी तीच राहील, पण दाब तिपटीहून अधिक होईल. दोन्ही वायूंचे मिश्रण वापरावयाचे असेल, तर त्यातील अधिक दाबाचा घटक धरून टाकी निवडणे शहाणपणाचे.

दुसरा नियम तापमानाचा. दाब आजच्या हवेचा धरू नये. उन्हात ठेवलेल्या धातूच्या पात्राचे तापमान भोवतालच्या हवेहून बरेच वाढते. शिवाय टाकी एका गावी कायमची राहील, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून बंगळूरची हवा थंड आहे, एवढ्यावर विसंबून कमी दाबाची टाकी घेणे चूक ठरेल. ५० ते ५५ अंशांस जो बाष्पदाब असेल, त्याहून टाकीचा संकल्पित दाब अधिकच असावा. आपल्या दोन प्रयोगशाळांपुरते म्हणावयाचे तर, दाबाच्या बाबतीत अंमळनेरला चालणारी टाकीच सर्जापूर रोडलाही घ्यावी.

४. भिंत किती जाड असावी?

दंडगोल टाकीच्या भिंतीत किती ताण निर्माण होतो, याचे गणित शाळेतील विद्यार्थ्यासही करता येईल. आतील दाबास व्यासाने गुणावे आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागावे. समजा व्यास ३०० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर व दाब १७ बार, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १.७ न्यूटन आहे. १.७ ला ३०० ने गुणून ६ ने भागले असता दर चौरस मिलिमीटरला ८५ न्यूटन इतका ताण येतो. साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनांपर्यंत कायमचे वाकत नाही. तेव्हा येथे पुरेशी सवड आहे.

आता जाडी तीच ठेवून व्यास ६०० मिलिमीटर केला, तर ताण दुप्पट, म्हणजे १७० न्यूटन होतो. सवड पुष्कळच आटते. म्हणजे नुसती जाडी सांगणाऱ्या विक्रेत्याने आपणास काहीच सांगितलेले नाही. लहान टाकीस जी भिंत भक्कम, तीच मोठ्या टाकीस अपुरी. गोलाकार टाकीत हाच ताण निम्मा होतो, म्हणून प्रचंड साठ्याच्या टाक्या अनेकदा गोलाकार बांधतात. याच कारणाने दंडगोलाची टोकेही सपाट न ठेवता फुगीर करतात. सपाट झाकण दाबाखाली वाकते आणि त्याच्या कडांवर मोठा ताण येतो.

भिंतीचा दुबळा भाग म्हणजे सांधा. वेल्डिंगमध्ये आत पोकळी किंवा भेग राहिली, तर ती डोळ्यांना दिसत नाही. क्ष-किरणांनी तपासलेल्या सांध्यास संहितेत पत्र्याइतके बळ धरतात. न तपासलेल्या सांध्यास सुमारे ७० टक्केच. गावातील कारागिराने सुबक केलेली टाकी पाण्यासाठी उत्तम असेल. प्रोपेनसाठी तिचा विचारही करू नये.

पूर्ण झालेल्या टाकीची परीक्षा पाण्याने घेतात. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, तिच्यावर कामाच्या दाबाहून ठरावीक पट अधिक दाब देतात. पाणीच का, असे कोणी विचारील. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा थोडी साठते. टाकी फाटलीच तर पाणी गळते आणि दाब लगेच उतरतो. तोच दाब हवेने दिला असता, तर फाटलेली टाकी तोफेच्या गोळ्यासारखी उडाली असती.

५. रिकामी ठेवावयाची जागा

टाकी भरताना होणारी चूक फार घातक असते, कारण भरून झाल्यावर ती दिसत नाही. द्रव तापला की प्रसरण पावतो. २० अंशांस १०० लिटर जागा व्यापणारे द्रव प्रोपेन ५० अंशांस सुमारे १११ लिटर जागा मागते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ही जागा आणावयाची कोठून? द्रव दबत नाही. मग पोलादालाच ताणावे लागते. अशा वेळी दाब बाष्पदाबाची मर्यादा सोडून वेगाने वाढत जातो व टाकी फुटते.

घरगुती गॅसच्या सिलिंडरचे उदाहरण पाहू. त्यात ३३.३ लिटर पाणी मावते, पण वायू भरतात तो १४.२ किलोग्रॅम. या द्रवाची घनता दर लिटरला सुमारे ०.५४ किलोग्रॅम धरली, तर त्याचे आकारमान सुमारे २६ लिटर येते. म्हणजे भरलेल्या सिलिंडरातही एक पंचमांश जागा मुद्दाम मोकळी असते. ही जागा वाया गेलेली नसून तिच्यावरच सिलिंडरची सुरक्षितता अवलंबून असते.

बंद यंत्रणेत याहून सूक्ष्म धोका आहे. शीतकातून परत येणारा विद्रावक थंडगार असतो आणि थंड द्रव आटसर जागेत मावतो. समजा उणे २० अंशांचे प्रोपेन १०० लिटरच्या टाकीत ८० लिटरच्या खुणेपर्यंत भरले. खूण पाहणाऱ्यास वाटेल की एक पंचमांश जागा मोकळी आहे. परंतु त्या ८० लिटरांचे वजन सुमारे ४४ किलोग्रॅम भरते, आणि तेच प्रोपेन ५० अंशांवर आले की जवळजवळ ९९ लिटर जागा व्यापते. मोकळी जागा संपली!

यावर उपाय एकच. टाकी पातळी पाहून न भरता वजनाने भरावी. द्रवाचे आकारमान तापमानाप्रमाणे बदलते, वजन बदलत नाही. म्हणून टाकी निवडतानाच तिचे रिकामे वजन व जलधारिता तिच्यावर कोरलेली आहेत की नाही, आणि ती कायम काट्यावर ठेवता येईल की नाही, हे पाहावे. आपल्या १०० लिटरच्या टाकीवर ‘प्रोपेन : अधिकाधिक ४० किलोग्रॅम’ अशी पाटी लावली, तर ती ५० अंशांसही सुमारे ८९ लिटरच भरेल.

६. निर्वात, थंडी आणि रबर

टाकी बाहेरच फुटते असे नाही. ती आतही चेपते. हेक्झेनची गरम वाफ भरलेले पात्र सर्व झडपा बंद करून थंड होऊ दिले, तर आतील वाफेचा द्रव होतो, दाब हवेहून खाली जातो आणि बाहेरची हवा पात्र चिरडते. बंद यंत्रणेत काम सुरू करण्यापूर्वी आतील हवा काढून टाकण्यासाठी पंपाने निर्वातही करतात. म्हणून टाकी आतून येणाऱ्या दाबाप्रमाणेच बाहेरून येणाऱ्या दाबासही योग्य आहे, असे निर्मात्याकडून लेखी घ्यावे.

प्रोपेनचा दाब एकदम सोडला तर ते उकळून स्वतःला उणे ४२ अंशांपर्यंत थंड करते. इतक्या थंडीत काही जातींचे साधे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. अशा जागी थंडीसाठी परीक्षिलेले पोलाद किंवा निकेलयुक्त अगंज पोलाद वापरतात.

झडपांतील व सांध्यांतील वायसर हाही टाकीचाच भाग समजावा. नैसर्गिक रबर या विद्रावकांत फुगते व मऊ पडते. तेथे टेफ्लॉन किंवा विद्रावकास टिकणारे कृत्रिम रबर हवे. हजारो रुपयांच्या टाकीस काही आण्यांच्या चकतीने गळती लागावी, हे उद्योगात नवे नाही.

७. सुरक्षा झडप आणि आग

प्रत्येक दाब-टाकीस सुरक्षा झडप असलीच पाहिजे. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती आपोआप उघडते. ती टाकीच्या वरच्या, म्हणजे वाफेच्या, भागात बसवावी. तिच्या व टाकीच्या मध्ये सहज बंद होईल अशी दुसरी झडप नसावी. आणि तिचे तोंड खोलीत न उघडता नळाने बाहेर, उंचावर न्यावे.

शेवटच्या अटीचे कारण साध्या गणिताने कळते. एक लिटर द्रव प्रोपेनचा सुमारे २७० लिटर वायू होतो. हवेत सुमारे दोन टक्के प्रोपेन मिसळले की मिश्रण पेट घेते. म्हणजे एक लिटर प्रोपेन अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशी खोली ज्वालाग्राही करण्यास पुरते. शिवाय हे वायू हवेहून जड आहेत : प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट, हेक्झेनची वाफ तिप्पट. ते वर उडून जात नाहीत. जमिनीवरून वाहत गटारांत व तळघरांत साचतात. सर्जापूर रोडवरील मोठ्या इमारतींखाली वाहने ठेवण्याची तळघरे असतात. अशा इमारतीत, विशेषतः तळमजल्यावर वा तळघरात, या टाकीस जागा नाही. दाबासाठी दोन्ही प्रयोगशाळांची टाकी एकच असली, तरी तिच्या जागेचा प्रश्न मात्र दोन्ही गावी एक नाही.

सुरक्षा झडपेवरही किती विसंबावे, हे फ्रान्समधील फेझां येथील दुर्घटनेने शिकविले. ४ जानेवारी १९६६ रोजी तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रोपेनच्या गोल टाकीखालील झडपेतून नमुना काढीत असता ती गोठल्यामुळे बंद होईना. वायूचा ढग जवळच्या रस्त्यावर पसरला व एका मोटारीपासून पेटला. आग टाकीखाली आली. सुरक्षा झडप उघडली होती, म्हणून टाकी सुरक्षित आहे असे समजून पाणी मुख्यतः शेजारच्या टाक्यांवर मारण्यात आले. सुमारे दीड तासाने पेटती टाकी फुटली. या दुर्घटनेत १८ माणसे मरण पावली.

झडप उघडी असून टाकी का फुटली? टाकीच्या ज्या भागास आतून द्रव लागलेला असतो, तेथील उष्णता द्रव उकळून घेऊन जातो. वरच्या भागात नुसती वाफ असते. तेथे पोलाद तापून लाल होते व आपले बळ गमावते. मग आधी जो दाब ते सहज सोशीत होते, तोच त्यास असह्य होतो. झडप दाब मर्यादेत ठेवते. तापलेल्या पोलादास बळ देण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. म्हणून टाकीजवळ ज्वलनशील वस्तू नसणे, तिच्यावर पाणी मारण्याची सोय असणे आणि सांडलेला द्रव तिच्याखाली न साचता दूर वाहून जाईल असा उतार असणे, या गोष्टी टाकीच्या निवडीतच मोडतात.

८. टाकीवरील अक्षरे वाचावीत

२० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील ब्रॉक्टन गावी जोड्यांच्या एका कारखान्यातील जुना बाष्पित्र फुटून ५८ माणसे दगावली. त्यानंतर १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने बाष्पित्रांसाठी नियम केले, आणि १९१५ मध्ये अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने आपली संहिता प्रसिद्ध केली. जगातील अनेक दाबपात्रे आज तिच्या पुढच्या आवृत्त्यांनुसार बांधली जातात. भारतीय मानक क्रमांक २८२५ हे याच विषयावरील आपले मानक १९६९ चे आहे.

आपल्या देशात दाबाखालील वायूंचे नियंत्रण १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली होते. अर्धा लिटर ते एक हजार लिटर धारितेची पात्रे वायू-सिलिंडर नियमांखाली, तर त्याहून मोठी पात्रे स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या नियमांखाली येतात. हे दोन्ही नियम २०१६ मध्ये नव्याने काढण्यात आले. हेक्झेनसारख्या द्रवास १९३४ चा पेट्रोलियम कायदा लागू पडतो. या सर्वांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे. अंमळनेर असो वा सर्जापूर रोड, मान्यतेचा प्रश्न अखेर त्याच संघटनेकडे जातो.

चांगल्या टाकीवर निर्मात्याचे नाव, अनुक्रमांक, संहिता, संकल्पित दाब व तापमान, परीक्षेचा दाब, परीक्षेची तारीख, जलधारिता व रिकामे वजन ही सर्व माहिती कोरलेली असते. ही अक्षरे नसलेली, खरवडलेली किंवा वरून रंगविलेली टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एकदाच वापरण्यासाठी केलेले सिलिंडर पुन्हा भरू नयेत. पूर्वी दुसऱ्या वायूसाठी वापरलेली, इतिहास ठाऊक नसलेली टाकीही नाकारावी. टाकीस भोक पाडून किंवा नवा नळ वेल्ड करून ‘सुधारणा’ केली, की तिची पूर्वीची परीक्षा रद्द झाली असे समजावे.

ही अक्षरे वाचण्याचा सराव घरीही होऊ शकतो. गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्यास आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर ए, बी, सी किंवा डी हे अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ‘बी २८’ असे असेल, तर त्या सिलिंडरची पुढील परीक्षा २०२८ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत व्हावयाची आहे. ती मुदत उलटून गेलेली असेल, तर सिलिंडर परत करावा.

९. सारांश

टाकी निवडताना पुढील क्रम ठेवावा. आधी विद्रावक ठरवावा. त्याचा ५० ते ५५ अंशांचा बाष्पदाब पाहावा व त्याहून अधिक दाबासाठी बांधलेली टाकी शोधावी. तिच्यावरील अक्षरे व परीक्षेची तारीख वाचावी. निर्वात, थंडी व वायसर यांची चौकशी करावी. वजनाची मर्यादा ठरवून ती टाकीवर लिहावी. सुरक्षा झडपेचे तोंड कोठे उघडते, हे पाहावे. शेवटी, टाकी फुटली किंवा गळली तर भोवती कोण आहे, याचा विचार करून जागा ठरवावी. जागा अयोग्य असेल तर टाकी उत्तम असूनही बेत सोडून द्यावा.

टाकी रोज ज्या दाबाखाली काम करते, त्या दाबाने तिची योग्यता ठरत नाही. वर्षातील सर्वांत उष्ण दुपार, भरणाऱ्याची एखादी चूक आणि शेजारी लागलेली आग यांचा विचार करून जी निवडली, तीच टाकी सुरक्षित म्हणावी. हे काम परवानाप्राप्त कारखान्याचे व प्रशिक्षित माणसांचे आहे. ते घरी, गच्चीवर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहावयाचे नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. टाकीतील निम्मे प्रोपेन काढून घेतले आणि तापमान पूर्ववत झाले, तर दाबमापकावरील आकडा किती बदलेल? कारण सांगा.

२. ४०० मिलिमीटर व्यासाच्या व ४ मिलिमीटर जाडीच्या दंडगोल टाकीत १७ बार दाब असता भिंतीतील ताण काढा. पुस्तिकेतील पहिल्या उदाहरणाशी तो ताडून पाहा व साम्याचे कारण शोधा.

३. टाकी पातळीने न भरता वजनाने का भरावी?

४. आपल्या घरातील गॅस सिलिंडरवरील अक्षर व अंक पाहून त्याच्या परीक्षेची मुदत लिहून काढा.